वजा रिकामी गाडी

जालन्याच्या एमआयडीसीत, भंगाराच्या यार्डाच्या तोंडाशी
पत्र्याची खोली, खोलीला एक खिडकी,
खिडकीत मी. बी.कॉम.चं दुसरं वर्ष, महिना साडेचार हजार.
ड्रायव्हर नाव विचारायचे नाहीत.
"ओ काटा, पावती!"
तेच माझं पहिलं पदनाम.

भरली गाडी आली की आकडा घ्यायचा,
रिकामी परतली की दुसरा.
वजाबाकी केली की उरतं ते लोखंड.
एवढंच काम, असं पहिले आठ दिवस वाटलं.
मग कळलं,
भरल्या गाडीत क्लीनर बसून असतो, रिकामीत नसतो,
आणि साठ किलो लोखंड हवेतून तयार होतं.
मग कळलं, भंगाराच्या पोटात ओली वाळू असते,
अन् वाळूची गाडी ब्रेक लागताना खस्स करते,
लोखंडाची खणकन.

नवं सॉफ्टवेअर बसवायला दोन पोरं आली,
औरंगाबादहून. तेव्हा औरंगाबादच.
एका गाडीचं निव्वळ वजन उणे आलं.
"असं होऊच शकत नाही, मॅडम."
(पहिल्यांदा कुणी मॅडम म्हणालं, तेही खोडून काढताना.)
म्हणलं, "होऊ राह्यलं ना. बारा वाजले की तुमची तारीख पालटते,
अन् ते दुसऱ्याच खेपेचा आकडा उचलतं."
तीन आठवड्यांनी त्यांच्या साहेबांचा फोन आला.

पुढची अकरा वर्षं मी नीट सांगू शकत नाही.
सकाळची बस, बदनापूरला चढणारे दूधवाले,
मांडीवर लॅपटॉप, आधी चुका शोधणारी, मग पाठपुरावा करणारी,
मग ज्या परीक्षेला मावशीच्या पाटल्या गेल्या ती परीक्षा.
मी काय करते ते आई शेजारणीला सांगते:
"ती काम करत नाही, करून घेते."
पुस्तकाच्या सहाशे पानांत
इतकी नेमकी व्याख्या नव्हती.

बैठकीत कुणी "नव्वद टक्के झालंय" म्हणालं
की मी मान खाली घालून ऐकते,
खणकन की खस्स.

आता भंगाराचे चाळीस हजार फोटो.
मॉडेल फोटो बघतं, प्रत सांगतं, पावती काढतं.
सोमवारी सुरू होणार, पहिल्यांदा कुठे,
तर त्याच खिडकीत.
खिडकीत आता केशर मगरे बसते. पत्रा तोच, फक्त कूलर आलाय.
मालक फोनवर विचारतात, "किती माणसं वाचतील?"
वाचणे हा शब्द ते
कमी होणे या अर्थानं वापरतात.

"ताई, आता हे बघणार. मग मी काय बघू?"
उत्तर माझ्याकडे होतं, चौदाव्या स्लाइडवर,
'मनुष्यबळाचं पुनर्नियोजन'.
ते तोंडातून निघेना.

तेवढ्यात गाडी आली.
मॉडेल म्हणालं, पहिली प्रत, खात्री चौऱ्याण्णव टक्के.
केशर मान न वळवता म्हणाली, "वाळू हाये."
मीही ऐकलं होतं.
चाळीस हजार फोटो, आणि एकातही आवाज नाही.

आराखड्यात मी लिहिलं: तीन आठवडे पुढे.
कारण: मॉडेलला कान नाहीत.
प्रशिक्षक: केशर मगरे.
मानधनाचा रकाना अजून रिकामा आहे, त्यावरून
मालकांशी दोनदा वाजलंय.
आणि तीन आठवड्यांनी मॉडेलला कान येतील.
तेही मला माहीत आहे, ती मात्र उत्साहानं
मोबाइलवर ब्रेकचे आवाज गोळा करू राह्यली.

निघताना माझी गाडी काट्यावरून गेली.
"थांबा ताई! आता उतरा. रिकामी घेते."
उतरले. उन्हात उभी राहिले.
खिडकीतून पावती आली.
काटा दहाच्या खाली मोजत नाही.
निव्वळ: साठ किलो.
क्लीनरएवढी.